विश्रांतीच्या दिवशीही

ती लेस घ्यायला बुटांच्या दुकानात शिरली होती. लेस घेऊन सरळ बाहेर पडली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोरच्या बाकावर एक चांगला धिप्पाड माणूस बसला होता आणि पळण्याच्या बुटात पाय कोंबत होता. बूट उघड उघड लहान होता. दुकानदार 'वापरून सैल होतो' म्हणत होता आणि तो बिचारा मान डोलवत होता. दुसऱ्याच्या व्यवहारात नाक खुपसू नये, हे तिला आईने हजारदा सांगितलं होतं. पण चुकीचा बूट दिसला की तिला राहवत नसे.

"एक नंबर मोठा घ्या," ती म्हणाली.

दुकानदाराने डोळे वटारले. त्या माणसाने मात्र निमूटपणे बूट काढला.

"तुम्ही इथे काम करता?"

"नाही."

"मग?"

"बघवलं नाही म्हणून बोलले. पळताना पाय फुगतो. चार दिवसांत अंगठ्याचं नख काळं पडेल."

त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एवढं सांगितलंत, तर... अजून एक विचारू? वजन उतरवायचं तर आठवड्यातून किती वेळा पळायचं? एक मित्र म्हणतो रोज. दुसरा म्हणतो रोज दोनदा. तिसरा म्हणतो पळून काही होत नाही, जेवणच सोड."

"आणि तुम्ही काय ठरवलंय?"

"मी बूट घ्यायचं ठरवलंय," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू आवरलं नाही. "आधी चाला. पळायचं मग बघू."

"बघू म्हणजे... कुठे बघू?"

वाक्य तोंडून निघून गेलं होतं, आता मागे घेण्यात अर्थ नव्हता. चौकापलीकडच्या क्रीडागृहात पहिल्या मजल्यावर व्यायामाचा हॉल आहे आणि संध्याकाळी तिथे आपण शिकवतो, असं तिने सांगितलं. लेस घ्यायची मात्र राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी तो आला. नवे बूट पायात, डोक्याला घाम, हातात फी भरल्याची पावती. हॉलमध्ये रबराच्या गाद्यांचा वास होता, वरचे पंखे नेहमीप्रमाणे आवाज जास्त आणि वारा कमी देत होते. तिला तिथे सगळे 'कोच' म्हणायचे. तोही लगेच म्हणायला लागला.

"काम काय करता?" तिने विचारलं. व्यायाम ठरवायचा तर हे विचारावंच लागतं.

त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. पलीकडे अर्धवट बांधलेली उंच इमारत होती आणि तिच्या डोक्यावर पिवळी क्रेन. "ती चालवतो. दिवसभर वर, काचेच्या डब्यात."

"मग शिडी चढून जात असाल. तरी वजन?"

"शिडी होती तेव्हा नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लिफ्ट बसवली. आता जेवणसुद्धा दोराने वर येतं. मी हलवतो ते फक्त हे." त्याने दोन्ही अंगठे हलवून दाखवले.

मग त्याने खरी अडचण सांगितली. वर काही झालं, तर चालकाला पट्ट्यात बांधून दोराने खाली सोडावं लागतं. त्या पट्ट्याला वजनाची मर्यादा असते आणि तो तिच्या दहा किलो वर गेला होता. तीन महिन्यांनी कंपनीची तपासणी. काटा उतरला नाही तर क्रेन दुसऱ्याकडे आणि हा खाली फाटकावर, ट्रक आत-बाहेर सोडायला.

"वाईट काम आहे का ते?"

"वाईट नाही हो. पण वर गेलं ना, की मला कुणाचा राग येत नाही. खाली आलो की येतो." तो थोडा ओशाळला. "कसं सांगू... मला दुसरं काही नको, फक्त तेवढं जायला नको."

तिला त्याचं हे बोलणं आवडलं. आवडलं ते आवडलं, पण चेहरा मात्र तिने कोचचाच ठेवला.

"ऐका. रोज पळालात तर पंधरा दिवसांत गुडघा बोलायला लागेल आणि महिनाभर घरी बसाल. पहिले दोन आठवडे तीन दिवस. एक दिवसाआड. झपझप चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. मग चार दिवस, मग पाच. त्यातले दोन दिवस वजनंही उचलायची, नाहीतर चरबीबरोबर ताकदही जाईल. आणि रविवारी काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"शरीर विश्रांतीत सुधारतं. आणि जेवणात गोड चहा, तळलेलं, रात्रीचं दुसऱ्यांदा वाढून घेणं, हे बंद. नुसतं चालून पोट उतरत नाही."

"दुसऱ्यांदा वाढून घेतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोटाने," ती म्हणाली.

आता त्या हॉलची एक रीत सांगायला हवी. तिथले मुख्य शिक्षक, सगळ्यांचे 'सर', पांढऱ्या मिशांचे आणि कडक शिस्तीचे. चालायच्या यंत्राच्या दांड्यावर नाडीचा आकडा उमटतो, त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शिकवणाऱ्याने स्वतः मनगट धरायचं, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं आणि मग वेग वाढवायचा की नाही ते ठरवायचं. हा त्यांचा नियम होता आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली ती तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालून झाल्यावर तिने त्याचं मनगट धरलं. तो खिडकीबाहेर बघू लागला. आकडा बराच वर होता. नवखा माणूस, दोन वर्षांचं बसकाम, होणारच, असं म्हणून तिने वेग कमी केला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने चढ काढून टाकला. आठवडे गेले, चालायचे दिवस तीनाचे पाच झाले, तरी तो गडी बागेत फेरी मारायला आलेल्या आजोबांच्या चालीने चालत होता. शेजारच्या यंत्रावरच्या खऱ्याखुऱ्या आजी त्याच्यापेक्षा भराभर चालत.

"बेटा, बरं वाटत नाही का?" त्या एकदा विचारत्या झाल्या.

"बरं आहे, आजी. कोच पुढे जाऊ देत नाहीत."

"तुमची नाडी जाऊ देत नाही," कोच म्हणाली. ती मनापासून काळजीत होती. नाडी मोजायला ती सर्वांत हुशार. पण आपण हात धरला की या माणसाचे कान लाल होतात, हे काही तिला दिसलं नव्हतं. तिची नजर घड्याळावर असायची ना.

रविवारी तो न चुकता यायचा.

"आज तुमची सुट्टी आहे," तिने पहिल्या रविवारी बजावलं.

"माहीत आहे. विश्रांती घ्यायला आलोय."

"ती घरी घ्यायची."

"घरी स्वयंपाकघर आहे, कोच. तिथे बसलो की हात आपोआप डब्याकडे जातो."

तिने त्याला गाद्या पुसायला बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. ओल्या फडक्याचा वास, दुपारचा रिकामा हॉल, आणि त्याचं ते शांत, सावकाश बोलणं. वरून काय काय दिसतं ते तो सांगत होता. "इथली गच्ची दिसते. दुपारी कुणीतरी निळ्या गाद्या वाळत घालतं. ओळीने. पण शेवटची नेहमी तिरकी असते."

"तिरकी नसते!"

"अच्छा, म्हणजे त्या तुम्ही घालता." तो हसला. "वरून तिरकी दिसते बुवा."

दुसऱ्या दिवशी तिने शेवटची गादी दोनदा सरळ केली. मग मान वर करून क्रेनकडे पाहिलं. एवढ्या उंचीवर काच तेवढी चकाकत होती, माणूस दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी ती उगीच थोडा वेळ उभी राहिली. संध्याकाळी तो यंत्रावर चढता चढता एवढंच म्हणाला, "आज सरळ होती." दिवसभर मनात काय चाललं होतं ते तिला त्या क्षणी नीट कळलं, आणि ती गडबडीने पाण्याच्या बाटल्या मोजायला निघून गेली.

दीड महिना झाला तेव्हा सरांनी सगळ्यांची वजनं केली. त्याचं दोन किलो उतरलं होतं, तेही बहुधा जेवणामुळे. त्या रात्री जेवताना तिने आईला सगळं सांगितलं. आई जन्मभर इस्पितळात परिचारिका होती, निवृत्त होऊनही घरात कुणी शिंकलं की हात आधी कपाळाला लावायची.

"साध्या चालण्यावर एवढी नाडी? तरणाताठा माणूस आहे, व्यसन नाही. मला हृदयाचीच शंका येते, आई."

आईने भाजी वाढता वाढता विचारलं, "मोजतं कोण?"

"मीच. दुसरं कोण?"

"हं," आई म्हणाली आणि पुढे ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला बाजूला घेतलं. हृदयाची तपासणी करून या, तोवर मी वेग वाढवणार नाही, असं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"कोच, असा कागद एकदा निघाला ना, की वजनाचं कुणी विचारणारच नाही. मी खाली तो खालीच."

"आणि वर असताना काही झालं तर?"

"वर मला काही होत नाही! वाऱ्यात डबा हलतो, खाली काय काय लटकत असतं... तेव्हासुद्धा धडधडत नाही. फक्त इथे..."

"इथे काय?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि टॉवेल उचलून निघून गेला.

पुढचा आठवडा तो आला नाही. ती रोज गच्चीवर गेली. क्रेन हलत होती, म्हणजे तो होता. आपण योग्यच सांगितलं, असं ती स्वतःला समजावत होती आणि ते खरंही होतं. पण संध्याकाळी दारात पावलं वाजली की तिची मान वळायची. रविवारी तर हॉल खायला उठला. एका माणसाचं वजन उतरलं नाही म्हणून कुणी इतकं कासावीस होत नाही, हे तिने मनाशी कबूल केलं. आपण त्याच्या प्रेमात पडलो आहोत आणि आपल्यामुळेच त्याची क्रेन जाणार आहे, असं सरळ दुहेरी प्रकरण होतं.

नवव्या दिवशी तो आला. तपासणी करून आला होता, बिछान्यावर झोपवून केलेली आणि यंत्रावर पळवून केलेलीही. हृदय ठणठणीत, आकडे वयाला साजेसे, पळा हवं तितकं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"शक्यच नाही," ती म्हणाली. "चढा वर."

तो पाच मिनिटं चालला. तिने मनगट धरलं. आकडा पुन्हा तसाच, आभाळाला भिडलेला.

"बघा! सर, इकडे या. डॉक्टरांचं यंत्र बिघडलेलं असणार."

सर आले. मिशीवरून हात फिरवत त्यांनी तिला बाजूला सारलं आणि स्वतः त्याचं मनगट धरलं. पंधरा सेकंद. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, याची तर माझ्यापेक्षा छान चालली आहे." मग त्यांनी तिच्याकडे आणि त्याच्या कानांकडे आळीपाळीने पाहिलं. "आता तू धर."

तिने धरलं. सरांनी त्याचा दुसरा हात सोडला नव्हता. अर्ध्या मिनिटात त्यांनी मान हलवली.

"कळलं. आजपासून याची नाडी मी मोजणार. तू याच्या मनगटाला हात लावायचा नाहीस." आणि शेजारच्या यंत्रावरच्या आजींना म्हणाले, "हसू नका, दम लागेल."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती तडक गच्चीवर गेली. पाठोपाठ तोही आला.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने वळून विचारलं.

"पहिल्या आठवड्यात नव्हतं. मग... होतं थोडं."

"मग बोलला का नाहीत? दीड महिना मी तुम्हाला म्हाताऱ्यासारखं चालवलं! तुमची क्रेन जाईल, कळतंय का?"

"बोलायचं काय, कोच? तुम्ही हात धरला की माझं असं होतं, म्हणून सांगायचं? तुम्ही हात धरणंच बंद केलं असतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आणि तुम्ही हृदयाचं म्हणालात तेव्हा मात्र घाबरलो. वाटलं, खरंच काही असेल आणि मी वेड्यासारखं त्याला भलतंच नाव देत असेन."

"काय नाव?" विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलं.

तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हात वर केला. "नको. आता नको. तपासणी होईपर्यंत मला यातलं एक अक्षर ऐकायचं नाही. चूक माझी आहे. मोजताना मी माणसाकडे बघितलंच नाही. आधी ती निस्तरू दे."

"म्हणजे नंतर ऐकाल?"

"खाली जा. सर वाट बघताहेत."

त्यानंतरचे पाच आठवडे सरांनी त्याचा घामटा काढला. वेळापत्रक मात्र तिचंच होतं. आठवड्यातून पाच दिवस, त्यातले तीन दिवस चढावर झपझप चालणं, दोन दिवस मिनिटभर पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, वजनं पूर्वीसारखीच. एकदा तो सकाळीही पळून आल्याचं सरांच्या लक्षात आलं. तेव्हा ती हॉलच्या दुसऱ्या टोकावरून एवढ्या जोरात ओरडली की सगळी यंत्रं थांबली. "दोनदा केलं म्हणून दुप्पट उतरत नाही! पाय मोडून घ्यायचाय का?" रविवारी तो यायचा, गाद्या पुसायचा, आणि दोघं मध्ये चार हात अंतर ठेवून हवापाण्याच्या गप्पा मारायची. आजींना ते बघवत नसे. "अगं, एवढं सोवळं कशाला?" त्या विचारायच्या. ती हसून टाळायची, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. तो नापास झाला तर ते तिच्यामुळे असणार होतं. फाटकावर बसून रोज ती क्रेन दुसऱ्याने चालवलेली बघताना त्याला आपला चेहरा आठवेल, याची तिला भीती वाटत होती.

तपासणीच्या दिवशी तिने रजा घेतली आणि कंपनीच्या दवाखान्याबाहेर झाडाखाली जाऊन उभी राहिली. आपण येणार हे तिने त्याला कळवलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. पॅंट कमरेवर ढिली झाली होती, गाल उतरून चेहरा रेखीव झाला होता. त्याने तिला पाहिलं आणि चाल मंदावली. तेवढ्यावरून तिला कळलं.

"किती?" तिने विचारलं.

"दीड किलो."

"वर?"

"वर." तो उसनं हसला. "माझ्यासाठी पट्ट्याची मर्यादा काही वाढवत नाहीत. चार महिन्यांनी परत तपासणी. तोवर फाटक."

तिचे डोळे भरून आले. दीड किलो म्हणजे फार तर दोन-तीन आठवड्यांचं काम; तिने तर सहा वाया घालवले होते. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "चार महिने. माझ्यामुळे."

"लिफ्टमुळे झालं. दोराने वर येणाऱ्या जेवणामुळे झालं. तुमचा नंबर खूप खाली आहे, कोच." त्याने क्षणभर इमारतीच्या दिशेने पाहिलं. वाईट वाटत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. "गच्चीवर मी काही बोलणार होतो. पास झालो असतो तर आज सगळं बोललो असतो. आता... फाटकावर बसणाऱ्याने काय बोलायचं? चार महिने थांबाल का?"

"नाही."

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि खांद्यावरची पिशवी नीट केली.

"थांबणार नाही, कारण घरी आई जेवायला थांबली आहे," ती म्हणाली. "सकाळी तिला सांगून निघाले, आज त्याला घेऊन येते. माझं त्याच्यावर प्रेम आहे, तेही सांगितलं."

"सकाळी?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "पण सकाळी तर... निकाल कुठे लागला होता?"

"म्हणून तर सकाळी सांगितलं. नंतर सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, पास झालास म्हणून, नाहीतर कीव आली म्हणून."

एवढा धिप्पाड माणूस, पण भर रस्त्यात डोळ्यांत पाणी घेऊन उभा राहिला. मग त्याने हळूच हात पुढे केला, आणि तिने घड्याळाकडे न बघता तो धरला.

"चल," ती म्हणाली. "आणि आई आग्रह करेल, तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही."